ऑफिसात रिसायकलिंग सुरू करायचंय? आधी सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमध्ये एक चक्कर मारून या

हसू नका, खरंच सांगून राहिले. नागपुरात धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, ३४ माणसं, मी अ‍ॅडमिन बघते म्हणजे पंख्यापासून पेनापर्यंत सगळं माझ्याच डोक्यावर, आणि आमच्याकडे रिसायकलिंग दोनदा सुरू होऊन दोनदा मेलेलं आहे. पहिल्यांदा तीन रंगांचे चकचकीत डबे आणले, पोस्टर लावलं, सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला, त्यावर पटापट सगळ्यांचे अंगठे आले आणि पंधरा दिवसांत सगळ्यांनी खरोखरच अंगठा दाखवला. निळ्या डब्यात तर्री पोह्याची प्लेट, हिरव्या डब्यात थर्माकोल. दुसऱ्यांदा कमिटी केली, कमिटीच्या दोन मीटिंग झाल्या, दोन्ही मीटिंगला कागदी कपात चहा आला, विषय संपला.

तिसऱ्यांदा मात्र जमलं, दीड वर्ष होत आलं, अजून चालू आहे. हे मला जपानी बागेनं शिकवलं म्हटलं की ऑफिसातले अजून फिदीफिदी करतात, पण जसं झालं तसं लिहिते, कोणाला करायचं असेल तर कामी येईल.

डॉक्टरांनी बीपीसाठी चालायला सांगितलं म्हणून मी सकाळी जपानी गार्डनला जायला लागले. नाव जपानी, बाकी ट्रॅकसूटमधले काका आणि त्यांच्या प्लॉटच्या केसेसच्या गप्पा अस्सल नागपुरी. तरी अर्ध्या तासात डोकं जे हलकं व्हायचं ते घराजवळच्या रस्त्यावर तेवढंच चालून होत नव्हतं. काऊन होत नव्हतं हे काही कळेना, म्हणून रात्री झोपताना मोबाईलवर खऱ्या जपानी बागांबद्दल वाचायला लागले आणि एकातून दुसरं असं वाचतच गेले.

त्यांच्याकडे पाहुण्यांना विधीपूर्वक चहा द्यायचं एक वेगळं घर असतं, त्या चहाच्या घराकडे नेणारी एक छोटी बाग असते, तिला रोजी म्हणतात (आपल्या रोजीरोटीतली नाही). तिथली वाट म्हणजे मातीत बसवलेले सुटे दगड, तोबिइशी. ते मुद्दाम थोडे वाकडेतिकडे आणि एकेका पावलाच्या अंतरावर लावलेले, त्यामुळे माणसाला खाली बघूनच चालावं लागतं, चाल आपोआप मंदावते, आणि जिथं त्यांना वाटतं की इथं थांबून समोर बघावं तिथं एक मोठा दगड टाकलेला असतो, दोन्ही पाय त्यावर मावतात, तुम्ही थांबता, मान वर होते आणि समोर नेमकं बघण्यासारखं काहीतरी असतं. कुठं पाटी नाही, बाण नाही, "कृपया हळू चाला" नाही.

दुसरं म्हणजे मोकळी जागा. क्योटोला र्‍योआनजी नावाचं मंदिर आहे, १९९४ मध्ये क्योटोतल्या बाकी जुन्या वास्तूंबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं, तिथली बाग म्हणजे साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आयत, त्यात पांढरी खडी आणि १५ दगड. झाड नाही, पाणी नाही, दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळ आणि खडीवर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, बस. व्हरांड्यात कुठंही बसा, पंधरापैकी एक तरी दगड दुसऱ्याच्या मागं लपतोच. दोन गोष्टींच्या मधल्या रिकाम्या जागेला ते मा म्हणतात, आणि ती रिकामी जागा मुद्दाम राखलेली असते. आपण कसं, कोपरा रिकामा दिसला की त्यात कुंडी, कुंडीच्या शेजारी कारंजं, कारंज्याच्या शेजारी बदक.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, की ही शांतता कोणीतरी रोज झाडून ठेवलेली असते. ती खडी पुन्हा पुन्हा विंचरावी लागते, पानं वेचावी लागतात. सेन नो रिक्यू म्हणून १६ व्या शतकात चहाचा मोठा गुरू होऊन गेला, त्याची गोष्ट सांगतात की त्यानं बाग झाडून लख्ख केली आणि मग झाड हलवून चार पानं खाली पाडली, म्हणजे बाग बागेसारखी दिसावी. ही गोष्ट मी आमच्या सफाईवाल्या मावशींना सांगितली तर त्या म्हणाल्या, "मंग झाडलं कायले?"

आणि मला खरं उठवलं ते चिरिआनानं. चहाच्या घराच्या दाराजवळ जमिनीत छोटा खड्डा असतो, कचऱ्याचा, त्यात बागेतली पडलेली पानं टाकायची, सोबत बांबूच्या हिरव्या काड्यांचा चिमटा ठेवलेला. म्हणजे एवढ्या सुंदर बागेत कचऱ्याची जागा पाहुण्याच्या डोळ्यासमोर, आणि तीही नीट सजवलेली. आमच्याकडे कचऱ्याचा डबा कुठं? जिन्याखाली, अंधारात, झाकण तुटलेला. कोण जाईल तिथं चालत?

बरं, आता कामाचं.

आधी एक दिवसाचा कचरा उपसून बघा. खरंच, गच्चीवर जुना फ्लेक्स अंथरा, हातमोजे घाला, मास्क लावा आणि एका दिवसाचा सगळा कचरा त्यावर ओता. मी डिसेंबरातल्या एका गुरुवारी केलं. ७१ कागदी कप, कुरिअरचे पुठ्ठे, एका बाजूनं कोरे असलेले प्रिंट ढीगभर, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, कुरकुरीची पाकिटं, तीन सेल, संत्र्यांची सालं इतकी की कळमना मार्केट वाटावं, आणि कोणाचं तरी इन्क्रीमेंट लेटर, फाडलेलं पण जोडून वाचता येईल असं. (वाचलं नाही. थोडं वाचलं.) हे एकदा केलं की तुमच्या ऑफिसाला कोणते डबे लागतात ते समोर दिसतं. दुसऱ्या कोणाची यादी वापरू नका, शाळेचा कचरा वेगळा, हॉस्पिटलचा वेगळा, मिहानमधल्या मोठ्या कंपनीचा वेगळा.

मग मावशींना आणि कबाडीवाल्याला विचारा, डबे घ्यायच्या आधी. आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. पहिला कार्यक्रम काऊन बुडाला ते मला वर्षभरानं कळलं, मावशीच म्हणाल्या, "ताई, तुमी वरतं तीन डबे ठेवता, पन खाली नेऊन मले एकाच पोत्यात टाका लागते." बिल्डिंगचा सफाईचा ठेका ज्याच्याकडे होता त्यानं पोतं एकच दिलेलं. हे कोणीतरी बघितलं असणार, आणि एकानं बघितलं की सगळ्या ऑफिसाला कळतं, मग कोण कशाला वेगळं करेल? २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला, सुका आणि घातक कचरा जिथं तयार होतो तिथंच वेगळा करायचा हे सगळ्यांना लागू आहे, त्यामुळे ठेकेदाराशी बोलताना दबकायचं काही कारण नाही. मी दोन पोती वाढवून घेतली, भांडण एका दुपारचं झालं.

कबाडीवाल्या भाऊंना वर बोलावून चहा दिला आणि गच्चीवरचा ढीग दाखवला. अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं मला कोणत्या वेबिनारमध्ये कळलं नसतं. पांढरा कागद वेगळा दिला तर भाव चांगला, त्यात रंगीत मिसळला की सगळा रंगीतच्या भावानं जातो. पिना चालतात, मोठे क्लिप आणि प्लास्टिकचे फोल्डर काढा. पुठ्ठा चपटा करून, कोरडा. बाटली रिकामी पाहिजे, बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, १ म्हणजे पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २ आणि ५ म्हणजे डबे-झाकणं यांचं जाड प्लास्टिक, हे जातं. एटीएमच्या आणि बिलांच्या गुळगुळीत पावत्या रद्दीत नको, तो थर्मल कागद असतो. तेलकट कागद नको. चिप्सची चकाकणारी पाकिटं नको, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. आणि ज्या ७१ कपांना आम्ही इतकी वर्षं कागद समजत होतो ते कप तर भाऊंनी हातात घेऊन नखानं आतून खरवडून दाखवले, पातळ साल निघाली. "मॅडम, हे कोनी घेत नाही, याच्यात पन्नी रायते."

तर कप हे रिसायकल करायच्या भानगडीत पडूच नका, बंद करा. आम्ही स्टीलचे छोटे पेले घेतले, टपरीवाल्याला किटली आणायला सांगितलं, पेले विसळायचं काम वाढतं ते खरं आहे, त्यासाठी पँट्रीत एक बेसिन मोकळं ठेवलं आणि ज्याचा पेला त्यानं विसळायचा. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतःचा विसळला, त्यानंतर कोणाची हिंमत झाली नाही.

आता डबे कुठं ठेवायचे. माझं स्पष्ट मत आहे की नव्वद टक्के भानगड इथंच असते आणि लोक मात्र रंगावर आणि पोस्टरवर वेळ घालवतात. ते तोबिइशीचे दगड आठवा. माणूस जिथून चालतो तिथं डबा पाहिजे, आणि जिथं त्याचे पाय आपसूक थांबतात तिथं. आमच्याकडे पाय थांबतात दोनच ठिकाणी, प्रिंटरपाशी आणि पँट्रीत. म्हणून कागदाचा डबा प्रिंटरला खेटून, आणि बाकी सगळं पँट्रीच्या दाराशी, उजेडात. टेबलाखालचे सगळे डबे उचलले. यावर खूप आरडाओरडा झाला, एक जण म्हणाला की संत्रं सोललं तर मी काय खिशात ठेवू, म्हटलं भाऊ दहा पावलं चाल, तेवढंच पोट कमी होईल.

झाकणाचा आकार डब्यात काय जाणार तेवढाच ठेवा. कागदाच्या डब्याला नुसती लांब फट, बाटलीच्या डब्याला गोल भोक. मी सुताराकडून प्लायचे तुकडे कापून घेतले, फार खर्च नाही आला. फटीत पोह्याची प्लेट जात नाही, विषय तिथंच मिटतो. आणि डब्यांच्या शेजारी एक झाकणाची बादली ठेवा, उरलेलं पाणी, चहा, ताक ओतायला. ही बादली मला कुठल्या गाईडमध्ये दिसली नाही पण हिच्याशिवाय सगळं फसतं, कारण अर्धी भरलेली बाटली टाकली की बाकीचं सगळं ओलं.

किती डबे? तीन, फार तर चार. जपानमध्ये शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं छोटं गाव आहे, त्यांनी २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प केला, कचरागाडीच नाही, लोक स्वतः केंद्रावर कचरा नेतात आणि तिथं चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. हे वाचून आमच्यातला एक उत्साही मुलगा नऊ डब्यांचा प्लॅन घेऊन आला होता. त्याला समजावलं की बाप्पा, तीन तर जमू दे. त्या गावाची एक गोष्ट मात्र उचलली, तिथं एक दुकान आहे, नको असलेली चांगली वस्तू ठेवायची आणि पाहिजे त्यानं फुकट न्यायची. आम्ही जिन्यापाशी एक टेबल ठेवलं, त्याला सगळे 'घेऊन जा' म्हणतात. फाइली, मग, चार्जर, एकदा चक्क प्रेशर कुकर आला आणि दुपारपर्यंत गेलाही.

आता एका बांधलेल्या दगडाची गोष्ट. रोजीत एखाद्या वाटेनं जायचं नसेल तर तिथं मुठीएवढा दगड ठेवतात, काळ्या दोरीनं चौकडीसारखा बांधलेला, त्याला सेकिमोरी इशी म्हणतात. एवढुसा दगड, कोणीही ओलांडून जाऊ शकतं, पण जात नाही. आमच्याकडे प्रिंटरच्या पलीकडच्या कोपऱ्यात आधी मोठा डबा होता, तो काढला तरी लोक सवयीनं तिथं जमिनीवरच रॅपर टाकून जायचे. "येथे कचरा टाकू नये" लावलं तर त्या कागदाखालीच टाकायला लागले, हे आपलं राष्ट्रीय चरित्र. मग मी गच्चीवरून एक काळा दगड आणला, धुतला, पॅकिंगच्या सुतळीनं बांधला, गाठ वर, आणि त्या कोपऱ्यात मधोमध ठेवून दिला. काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी लोक विचारत होते हे काय, लिंबूमिरचीसारखं काही आहे का, कोणावर केलं का. काहीही असो, त्या दिवसापासून तिथं कचरा पडला नाही. दगड अजून तिथंच आहे, मावशी फरशी पुसताना उचलतात आणि परत तसाच ठेवतात, गाठ वर.

ओल्या कचऱ्याला आम्ही चिरिआनाची नक्कल केली. पँट्रीत मातीचं रुंद कुंडं, त्यावर लाकडी झाकण, बाजूला बांबूचा चिमटा. चिमट्यानं साल उचलून टाकायला लोकांना मजा येते, मोठी माणसं आहेत पण येते. संध्याकाळी ते गच्चीवरच्या माठात जातं. माठाला बुडाशी आणि बाजूला भोकं, एक थर ओला आणि त्यावर दुप्पट तरी कोरडा, वाळलेली पानं किंवा फाडलेला पुठ्ठा. चहाचा चोथा धुऊन टाका, साखरदुधाला मुंग्या येतात. संत्र्याची सालं बारीक करून आणि थोडी थोडी टाका. संत्र्याची दोन पिकं असतात, आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आमच्याकडे सालांचा पूर येतो, एकदम सगळी ओतली तर माठ आंबट वास मारतो आणि कुजणं रेंगाळतं. मेमध्ये उलटा त्रास, नागपूरच्या पंचेचाळीसमध्ये माठ नुसता वाळतो, हिरव्या जाळीखाली सरकवा आणि दोन दिवसाआड पाणी शिंपडा. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं, कूलरच्या टाकीत उरलेलं खारट झालेलं असतं, ते नको. दोन-तीन महिन्यांत खत होतं.

सेल, ट्यूबलाइट, जुने कॉम्प्युटर हे कबाडीला देऊ नका, भाव चांगला देत असला तरी. तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर कोणाच्या तरी पोराच्याच नाकात जातो. ट्यूबमध्ये पारा असतो, तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा, फोडू नका. फुगलेली बॅटरी वेगळी, रेतीच्या डब्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मान्यताप्राप्त ई-कचरावाल्यांची यादी असते, त्यातलाच बोलवा आणि हातात सर्टिफिकेट घेतल्याशिवाय माल सोडू नका. हे मी शिकले ते ठेच लागून. पहिल्या वेळी एक जण फुकट नेतो म्हणाला, टेम्पो घेऊन आला, सहा सीपीयू घेऊन गेला, कागद उद्या पाठवतो म्हणाला आणि त्यानंतर फोन उचलेना. आठ दिवसांनी अकाउंट्सच्या ताईंना आठवलं की त्यातल्या एकाच्या हार्डडिस्कमध्ये तीन वर्षांच्या पगाराच्या शीट होत्या. आता डिस्क आधी पुसतो, मग ड्रिलनं भोक, मग बाहेर.

राहिला शांततेचा भाग. डब्यांच्या वरच्या खिडकीच्या कट्ट्यावर मी एक छोटी कोरडी बाग केली, जुन्या लाकडी ड्रॉवरमध्ये. पहिल्यांदा कन्हानची रेती टाकली, तिच्यात रेघ टिकतच नाही, गोल कण घसरतात. मग बांधकामवाल्याकडून दगडाची बारीक चुरी आणली, चार वेळा धुतली, तिचे कण टोकदार असतात म्हणून रेघ उभी राहते. तीन दगड, विषम आकडा, एकाच बाजूला, मधोमध नाही. शेवाळाच्या नादी लागू नका, एप्रिलमध्ये जळतं. विंचरायला लाकडी रुंद फणी. चहाची वाट बघताना कोणीतरी त्यात रेघा ओढत असतं, एकदा कोणीतरी सुपारीची पुडी खोचली होती, ती मावशींनी काढली आणि पुन्हा रेघा ओढून ठेवल्या. सरांनी उत्साहानं एक लाफिंग बुद्धा आणला होता त्यात ठेवायला. त्याला रिसेप्शनवर मानाची जागा दिली.

कबाडीचे पैसे सगळे मावशींचे, पहिल्या दिवसापासून. ऑफिसच्या पार्टीला वगैरे नाही. आणि वेगळं करण्याचा रोजचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला, वरून लादला नाही. आता निळ्या डब्यात कोणी चुकीचं टाकलं तर त्या नाव घेऊन विचारतात, माझ्यापेक्षा त्यांनाच लोक जास्त घाबरतात.

पुठ्ठा पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, विटांवर फळी टाकून ठेवा, ओल धरली की भाऊ वजनात कापतात आणि त्यांचं बरोबर असतं. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या कपाटांतला कागद एकदम निघतो, तेव्हा भाऊंना आठ दिवस आधी सांगून ठेवा, त्या आठवड्यात त्यांना अख्खं नागपूर बोलावून राहतं.